पडवीतला निवडुंग, चौदा महिन्यांनंतर

मालवणजवळच्या आमच्या घरी भाजीसाठी लावायला बिनकाट्याच्या फड्या निवडुंगाची दोन पानं आणली, त्याला चौदा महिने झाले. आठवडाभर सावलीत ठेवून काप सुकवला, मग जांभ्याची खडी, नदीची वाळू आणि थोडं शेणखत घालून लावली. मूळ मेक्सिकोचं हे झाड, उन्हाळ्यात त्याने काही मागितलं नाही. पावसाने मात्र रडवलं. अंगणातली कुंडी आषाढात खालून मऊ पडली आणि तीन दिवसांत पान लिबलिबीत होऊन गेलं. दुसरी कुंडी त्याच संध्याकाळी पडवीत घेतली आणि गणपतीपर्यंत पाण्याचा थेंब दिला नाही. ती जगली. कोकणात लावणार असाल तर आधी छप्पर बघा.

कुंपणावरचं तोडून आणू नका. आपल्याकडे शेर आणि थोरालाही निवडुंगच म्हणतात, त्यांचा पांढरा चीक विषारी, डोळ्यात गेला तर फार वाईट. फड्याला असा चीक नसतो.

बिनकाट्याचा असला तरी ठिपक्यांवर बारीक कुसळं असतातच. पहिल्यांदा हातानेच तोडलं आणि बोटं रात्रभर चुरचुरली. चिकटपट्टी लावून ओढल्यावर सुटली. आता चिमट्यात धरते, विळीने ठिपके तासते. तळहाताएवढं कोवळंच पान घ्यायचं, जून झालं की आत दोरे होतात.

खरी गंमत वेळेची आहे. हे झाड रात्री हवा आत घेतं आणि सकाळपर्यंत पानात आम्ल साठवतं. दिवसा उन्हात ते वापरलं जातं. म्हणून सकाळी सातला तोडलेलं चांगलंच आंबट, दुपारी चारचं बरंच सौम्य. सकाळचं मी सुक्या जवळ्यात घालते, आमसूल लागतच नाही. दुपारचं कांद्यावर परतून वर ओलं खोबरं. भेंडीसारखी तार सुटते, म्हणून झाकण न ठेवता बिडाच्या तव्यावर ती आटू द्यायची, मीठ शेवटी. सासूबाई आधी हात लावत नव्हत्या, आता जवळा आणला की त्याच विचारतात, "निवडुंग आहे का गो?"

एका झाडाची आतापर्यंत सात पानं खाल्ली. चार माणसांना हे फार कमी. म्हणून चार पानं पुन्हा सुकत ठेवलीत, यावेळी सगळी पडवीतच.