‘एमआरआय पेल्व्हिस’ नको, रेक्टल एमआरआय मागा

गुदाशयातली कर्करोगाची गाठ किती उंचीवर आहे हे कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) कळतं, पण तो आकडा पक्का नसतो. स्कोप आत वेटोळं घेतो आणि दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. ऑपरेशनआधी रेक्टल, म्हणजे खास गुदाशयासाठी काढलेला, एमआरआयच भरवशाचा. मात्र दरपत्रकावरचा साधा ‘एमआरआय पेल्व्हिस’ करून आलात, तर निम्मे पैसे पाण्यात.

सगळी मदार तिरक्या टी-2 सिक्वेन्सवर (एमआरआय चित्रांच्या एका मालिकेवर) असते. आधी सॅजिटल (बाजूने दिसणारं उभ्या छेदाचं) चित्र काढायचं, त्यात गाठीचा अक्ष धरायचा आणि त्याला बरोबर काटकोनात 3 मिमी किंवा त्याहून पातळ काप घ्यायचे. गुदाशय माकडहाडाच्या बाकाप्रमाणे वळतो, त्यामुळे वरच्या गाठीचा कोन खालच्या गाठीला चालत नाही. गाजर तिरकं चिरलं की चकती लांबुळकी पडते, तशी गत होते: भिंतीतल्या स्नायूची काळी रेघ पुसट होते आणि टी-2 टप्प्याची (स्नायूपर्यंतच पोचलेली) गाठ रिपोर्टात टी-3 (स्नायूपार गेलेली) होऊन बसते. (सिक्वेन्सचं टी-2 वेगळं, टप्प्याचं वेगळं. नातेवाइकांचा इथे हमखास गोंधळ होतो.) घाईतल्या सेंटरवर नेमका हाच कोन चुकतो.

ओटीपोटावर बांधायची कॉइल (संकेत टिपणारं साधन) पुरते, गुदद्वारात घालायची लागत नाही. गॅडोलिनियमही (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) एरवी नको. बिलात दिसलं तर कारण विचारा. डिफ्यूजनची (ऊतींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारी) चित्रं मात्र आतल्या वायूने वेडीवाकडी होतात. आधी छोटा एनिमा दिला तर बरंच निभावतं.

रिपोर्टात गाठीचं खालचं टोक गुदद्वारापासून किती सेंमी, घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर (12 म्हणजे पुढची बाजू), पेरिटोनियमच्या (पोटातल्या अस्तराच्या) घडीच्या वर की खाली, हे हवंच. सर्जनची नजर आधी जाते ती गाठीच्या मेसोरेक्टल फॅसियापासूनच्या (गुदाशयाभोवतीच्या चरबीवरच्या पातळ आवरणापासूनच्या) अंतरावर: 1 मिमी किंवा कमी असेल तर कापण्याची कड धोक्यात. गाठ खाली असेल तर स्फिंक्टरबद्दल (गुदद्वार आवळणाऱ्या स्नायूबद्दल) स्पष्ट ओळ हवी. ‘गुदाशयात गाठ दिसते’ एवढ्यावर भागवलेला रिपोर्ट परत पाठवावा.

उणिवाही आहेत. टी-1 (स्नायूपर्यंत न पोचलेली गाठ) आणि टी-2 या टप्प्यांत फरक करायला गुदमार्गाची सोनोग्राफी सरस. लसिकाग्रंथींच्या नुसत्या आकारावर विसंबता येत नाही. रेडिएशननंतर व्रणाची ऊती आणि उरलेली गाठ वेगळी काढणं अनुभवी डोळ्यालाही जड जातं. फुप्फुस-यकृतासाठी सीटी वेगळा लागतोच.

जाताना कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट न्या, येताना फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. कोन बरोबर होता का, हे सर्जनला सॅजिटल चित्रावरूनच ताडता येतं.