रात्री लावायची सिलिकॉनची ओरल स्क्रीन: हिरडी ओली राहते, साफ होत नाही

पाचपैकी तीन तारे. ओठ आणि दातांच्या मध्ये बसवायची ही पट्टी कामाची आहे, पण डबीवर ‘हिरड्यांच्या सुजेवर उपाय’ असं जे छापलंय, ते अंमळ जास्तच झालं.

माझा वरचा ओठ आखूड आणि पुढचे दात थोडे बाहेर. ओठ सैल सोडले की वरच्या दातांची टोकं २ ते ४ मिलिमीटर दिसणं स्वाभाविक धरतात. माझे जवळजवळ हिरडीपर्यंत दिसतात. ओठ मिटायचे तर हनुवटी आवळावी लागते, आणि झोपेत कोण आवळणार? याचा परिणाम आरशात बघून घ्यावा. एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत वरची हिरडी लालभडक, तुकतुकीत, दोन दातांमधली टोकं फुगलेली. त्याच्या पलीकडे, जिथे ओठ झाकतो, तिथे लगेच फिकट गुलाबी. ब्रश तोच, हात तोच, पेस्टही तीच.

झाकलेल्या दातांवरून लाळ आणि ओठ सतत फिरत असतात. उघड्या भागाला वारा लागतो, तो सुकतो, लाळेचं धुणं थांबतं आणि जंतूंचा चिकट थर तिथेच मुक्काम ठोकतो. ११ ते १४ वर्षांच्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातही वरच्या ओठाचं झाकण कमी, तिथे थर आणि दाह जास्त, असंच आढळलं. तोंडाने श्वास घेणाऱ्यांची तर टाळूकडची हिरडीसुद्धा सुजते.

आता स्क्रीनबद्दल. ही वाकवलेली मऊ पट्टी ओठ आणि दातांच्या मध्ये बसते, चावायची नाही. मधोमध श्वासासाठी भोकं, पुढे एक कडी. दिवसा ओठांनी पट्टी धरून ठेवायची आणि कडी बोटाने पुढे ओढायची, हा ओठांचा व्यायाम. कंटाळवाणा आहे, पण ओठ दमतात म्हणजे काहीतरी होतंय खरं. रात्रीचा फरक मात्र लवकर कळला: सकाळी वरचा ओठ दातांना चिकटलेला नसतो, हिरडी ओलसर असते.

रक्त येणं मात्र नुसत्या पट्टीने थांबलं नाही. डेंटिस्टकडे स्केलिंग केलं, म्हणजे दातांवरचा साचलेला थर खरवडून काढून घेतला, दातांच्या फटीत बारीक ब्रश फिरवायला लागले, तेव्हा कमी झालं. साचलेला थर पट्टी काढत नाही, आणि डबीवर नेमकं हेच लिहिलेलं नाही.

एक तारा त्यासाठी कापला. दुसरा वरच्या खाचेसाठी. ओठाला हिरडीशी जोडणारा जो मधला पडदा असतो, त्याच्यासाठी ठेवलेली खाच इतकी उथळ आहे की तिथे घासून सोलवटलं. शेवटी डेंटिस्टने ती खोल करून कडा गुळगुळीत करून दिली.

नाक चोंदलेलं असेल तर ही घेऊच नका. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. मुलांमध्ये बऱ्याचदा ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या निघतात. झोपेत श्वास अडकत असेल तरी आधी डॉक्टर. डेंटिस्ट माप घेऊन ॲक्रिलिकची स्क्रीन बनवतात, तिची भोकं नाकाने श्वास जमू लागेल तशी हळूहळू बुजवता येतात. या तयार मालात ती सोय नाही. आणि दात फारच पुढे असतील, तर ओठाला कितीही व्यायाम द्या, ऑर्थोडॉन्टिस्टची, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, पायरी चढावीच लागेल. माझी पुढच्या महिन्याची वेळ ठरली आहे.