कॉन्ट्रास्ट सीटी: इंजेक्शनला पाच स्टार, सेंटरला अडीच

मागच्या आठवड्यात पोटाचा सीटी स्कॅन काढला, कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे आतलं चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून औषध देतात तो. सेंटरचं नाव नाही लिहीत. साडेदहाची वेळ दिलेली, नंबर लागला सव्वाबाराला, उपाशीपोटी, वर पाणी प्या पाणी प्या चाललंय आणि बाथरूमला कडी नाही!

इंजेक्शन मात्र एक नंबर. बाटलीवर वाचलं, आयोहेक्झॉल. नर्सताई आधीच म्हणाल्या, "अंग गरम होईल, चड्डीत झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही, घाबरू नका." अगदी तस्संच झालं, घसा तापला, गरम लाट सर्रकन खाली गेली आणि जरा वेळात सगळं नॉर्मल. आमच्या काकांची फार पूर्वी पायाची अँजिओग्राफी झालेली, ते सांगतात पाय पेटल्यासारखा झाला होता.

घरी येऊन शोधत बसलो तर भलतंच इंटरेस्टिंग निघालं. जुन्या कॉन्ट्रास्ट औषधात विरघळलेले कण रक्ताच्या पाच-सात पट, म्हणून ती आग. स्वीडनचा रेडिऑलॉजिस्ट टॉर्स्टन अल्मेन, त्याला पोहताना जाणवलेलं की पश्चिम किनाऱ्याच्या खाऱ्या समुद्रात डोळे झोंबतात, बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात नाही झोंबत, मग औषधाचंही तसंच असणार. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्याने चक्क वटवाघळाच्या पंखावर ही औषधं तपासली, कारण पंख इतका पातळ की न कापता मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या दिसतात. शेवटी नॉर्वेच्या कंपनीने त्याचं ऐकलं आणि आयोहेक्झॉल 1982 ला आलं, कण रक्ताच्या दुप्पट-तिप्पटच. वटवाघळाचे उपकार आहेत म्हणजे आपल्यावर!

आता अडीच स्टार का कापले. दमा आहे का, आधी कॉन्ट्रास्टची रिअॅक्शन आली होती का, हे मला टेबलवर आडवं झाल्यावर, हातात सुई असताना विचारलं. अहो, उंदीर-सशांवर डोस किती झेपतो, किडनीचं काय होतं हे कळतं, पण नेमकी कुणाच्या अंगावर गांधी उठणार, कुणाचा श्वास अडकणार हे कुठला ससा सांगणार? ते पेशंटलाच विचारायचं असतं आणि रिसेप्शनवरच. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्टही मी आपणहून दाखवला, कुणी मागितला नव्हता.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला, नीट लिहिलेला. सीडीचे पैसे वेगळे घेतात, ते आधीच विचारून घ्या.