फ्लोट ट्यूब बालाघाटातल्या तलावांवर: दसऱ्यापासून मृगापर्यंत वापरल्यानंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी निकाल सांगतो. डोंगरातल्या लहान साठवण तलावांवर, वारा पडलेला असताना, गळाने मासे धरायला फ्लोट ट्यूबइतकं सोयीचं साधन मी वापरलेलं नाही. मांजरा, माजलगाव, येलदरी असल्या मोठ्या धरणांवर मात्र ती नेऊ नका. आणि पैसे घालायचेच असतील तर ट्यूबवर थोडे कमी घाला, पायातल्या पंखांवर थोडे जास्त.

ज्यांनी ही वस्तू पाहिलीच नाही त्यांना एवढंच सांगतो की हा यू आकाराचा, हवा भरलेला, वरून जाड कापडाचं कव्हर असलेला एक तरंगता पाळणा असतो. मधे कापडी सीट, पाठीला हवेचाच टेका, दोन्ही बाजूंना सामान ठेवायला खिसे. आपण बसतो पाण्याच्या जरासं वर, पण पाय गुडघ्याच्याही वरपर्यंत पाण्यात. पायात पोहण्याचे पंख घालायचे आणि ते मारत पाठीच्या दिशेने जायचं. वल्हं नाही, त्यामुळे दोन्ही हात गळाच्या दांडीला मोकळे. मूळ कल्पना परदेशातल्या गळवाल्यांनी ट्रकच्या ट्यूबला कापड शिवून काढली. आपल्याकडचे भोई लोक ट्रकच्या ट्यूबवर आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावतातच, म्हणजे आपल्याला त्यात नवीन म्हणावं ते पाठीचा टेका आणि पायातले पंख. पहिल्या दिवशी तलावावर भेटलेल्या एका म्हाताऱ्या भोई मामांनी सगळं निरखून पाहिलं आणि विचारलं, "एवढे पैशे घालून पाय वलेच व्हायलेत, मंग आमची टूब काय वाईट हाय?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता देता येईल. त्यांच्या ट्यूबमध्ये हवेचा एकच कप्पा असतो. माझ्यात दोन आहेत, एक खाली, एक पाठीला. खालचा गेला तरी पाठीचा कप्पा काठापर्यंत आणतो. जास्तीचे पैसे त्या दुसऱ्या कप्प्याचे. ज्या स्वस्त ट्यूबला तो नाही, ती घेऊच नका.

आमच्या भागात ही गोष्ट का जमते ते तलाव पाहिल्याशिवाय कळत नाही. पाटोदा, केज, अंबाजोगाई या बाजूच्या डोंगरात लहान तलाव भरपूर आहेत. त्यातले कितीतरी पाझर तलाव 1972 च्या दुष्काळी कामांतले. एका बाजूला दगडी पिचिंगचा बांध, बाकी तीन बाजूंना उतार आणि त्यावर वेड्या बाभळीचं रान. गळ टाकायला माणूस उभा राहू शकतो तो बांधावरच. मासा मात्र असतो वरच्या अंगाला, जिथून ओढा तलावात येतो आणि पाण्यात बुडालेल्या बाभळींचे खुंट उभे असतात. तिथे काठाने जायचं म्हणजे कपडे फाटून घ्यायचे. नाव आणायची तर डोंगराच्या वाटेवर कोण वाहून नेणार? ट्यूब हवा काढून घडी घातली की चार-पाच किलोची पिशवी होते, मोटारसायकलच्या मागे बसते, आणि बांधावर फुट पंपाने दहा-पंधरा मिनिटांत भरून होते. वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरने भरून घेऊ का, असं बरेच जण विचारतात. नको. ही ट्यूब गाडीच्या टायरच्या दाबावर बनलेली नसते, शिवण उसवते.

आता वारा. माझ्या मते या साधनाबद्दल नव्वद टक्के बोलायचं असेल तर ते वाऱ्याबद्दल. ट्यूबचा वरचा भाग शिडासारखा वारा धरतो आणि पाय मारून जो वेग मिळतो तो चालण्याच्या निम्म्यानेही नसतो. वारा ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर गेला की पंख मारत राहूनही आपण जागेवरच असतो, आणि थकलो की वारा नेईल तिकडे. बीड-धाराशिवच्या पठारावर ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्यांचा मला इथे फार उपयोग झाला. पवनचक्की साधारण सेकंदाला 3 ते 4 मीटर वाऱ्यावर फिरायला लागते, म्हणजे ताशी 11 ते 14 किलोमीटर. नेमकी तीच आपली मर्यादा. वर उंचावर वारा सहसा पाण्यावरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे हिशेब आपल्या बाजूने थोडा सुरक्षितच चुकतो. पाती थांबलेली असतील तर बिनधास्त उतरा. संथ फिरत असतील तर वारा ज्या काठाकडे लोटतो त्याच काठाजवळ राहा, म्हणजे दमलात तरी पाय टेकायला जागा जवळ असेल. जोरात फिरत असतील तर बांधावर बसून डबा खा. कार्तिक ते माघ सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत पाणी बहुतेक वेळा काचेसारखं असतं. मार्चनंतर दुपारचा वारा सुरू झाला की सगळा खेळ सकाळच्या दोन तासांचा. मोठ्या धरणांवर नको म्हणतो ते यामुळेच. तिथे वाऱ्याला अडवायला डोंगर नाही आणि समोरचा काठ कित्येक किलोमीटर लांब.

पंखांचं तसंच. ट्यूबसोबत फुकट मिळतात ते पट्ट्याने बांधायचे, तोकडे, कडक प्लास्टिकचे. त्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात आणि पुढे सरकल्यासारखं वाटत नाही. मी दोन आठवड्यांत लांब, लवचिक पात्याचे घेतले. फरक इतका की तेच अंतर निम्म्या दमात कापलं जातं. मात्र पंख घालून काठावर चालायचं ते उलटंच, पाठ पाण्याकडे करून, नाहीतर पहिल्याच पावलाला तोंडावर. काळ्या मातीचा गाळ असेल तर पंख पाण्यात बसल्यावरच चढवा. गाळात रुतलेला पंख ओढताना पट्टा तुटतो.

मासेमारीबद्दल. बसण्याची जागा पाण्याला इतकी लागून असते की सहा फुटी दांडीचं टोक फेकताना पाण्याला लागतं आणि फेक जवळच पडते. सात फुटी घ्या. पण लांब फेकायची गरजही कमी पडते, कारण ट्यूब आवाज करत नाही. बांधावर पाऊल टाकलं तरी दचकणारे मासे इथे पायाखालून जातात. लहान चिलापी तर पोटऱ्यांना येऊन टोचतात, सुरुवातीला दचकायला होतं, नंतर सवय होते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, हे पुस्तकात वाचलेलं इथे हाताला कळतं, कारण खोली हवी तशी बदलता येते. भुईमुगाची पेंड आणि गव्हाचं पीठ मळून केलेला गोळा अजूनही सगळ्यात भरवशाचा. कटला लागला की ट्यूबच त्याच्या मागे फिरायला लागते. पहिल्यांदा घाबरायला होतं, पण फायदा असा की दोरा ताणून तुटायच्या आधी आपण सरकतो, त्यामुळे बारीक दोऱ्यावरही मोठा मासा निभावतो.

खरी गंमत मरळीची. मरळ हवेतून श्वास घ्यायला मधूनमधून वर येते, आणि बुडालेल्या खुंटांमध्ये, जलपर्णीच्या कडेला तिचा बुडबुडा दिसतो. तिथे काठावरून पोहोचता येत नाही. ट्यूबवरून दहा-बारा फुटांवर गुपचूप जाऊन रबरी बेडूक टाकायचा आणि हळूहळू ओढायचा. तो ज्या आवाजाने गिळला जातो त्यासाठी मी पहाटे उठतो. तोंडात दात असतात, गळ काढायला लांब टोकाची पक्कड लागतेच. पावसाळ्यात पिल्लांचा तांबडा पुंजका घेऊन फिरणारी मरळ दिसली तर तिला हात लावत नाही. ती उचलली की पिल्लांचा फडशा बाकीचे मासे पाडतात.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशांच्या आणि चिलापीच्या पंखांना काटे असतात. मांडीवर घेतलेला मासा तडफडला की काटा सरळ ट्यूबच्या कापडात. मासा रबरी जाळीच्या झोळीतच ठेवून गळ काढा. वेड्या बाभळीचा काटा तर कव्हरसकट आतली पिशवी भेदतो. माझ्या ट्यूबची आतली पिशवी पीव्हीसीची, तिला सायकलच्या पंक्चरचं रबर सोल्युशन धरत नाही, ठिगळ दोन दिवसांत उचकटतं. पीव्हीसीचा वेगळा गोंद मिळतो, तो सोबत ठेवा. विकणाऱ्याने डब्यात दिलेला गोंद उघडला तेव्हा आधीच वाळून दगड झालेला होता, आणि तक्रारीला उत्तर आलं ते "ट्यूब तर ठीक आहे ना" एवढंच. बिघडलेली चेन आणि एका बाजूची उसवलेली शिवण धरून पाच पैकी साडेतीन गुण.

उन्हाचं भान ठेवा. मराठवाड्यात एप्रिलमध्ये ट्यूब बांधावर तासभर पडली तर आतली हवा सहज पन्नास अंशांवर जाते. पहाटे वीस अंशांना भरलेल्या हवेचा दाब त्याने साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, आणि शिवण आधीच ताठ असेल तर तेवढं पुरतं. बाहेर काढली की थोडी हवा सोडा, सावलीत ठेवा. उलट थंड पाण्यात उतरल्यावर ती सैल पडते, तेव्हा पाच मिनिटांनी काठाला येऊन परत भरून घ्या. परदेशात पायात वेडर, म्हणजे पाणी आत न येणारी विजार, घालतात. आपल्याकडे गरज नाही. डिसेंबरच्या पहाटे पाणी हवेपेक्षा ऊबदारच असतं, साधी लेगिंग आणि जाड मोजे पुरतात. दीड तासाने लघवीला काठावर यावंच लागतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

जिवाचं म्हणाल तर लाइफ जॅकेट अंगात हवंच, पोहायला येत असलं तरी. सगळ्यात मोठा धोका जाळ्यांचा. भोई लोकांनी लावलेल्या नायलॉनच्या जाळ्याची खूण म्हणजे रांगेत तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या. त्या ओळीजवळ पंख न्यायचे नाहीत, आणि कमरेला हाताला येईल असा चाकू ठेवायचा, स्वतःला सोडवायला. दुसरा धोका खड्ड्यांचा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना 2017 पासून आहे, आणि उन्हाळ्यात जिथून शेतकरी गाळ उचलतात तिथे पाणी आल्यावर काठापासून दोन पावलांवर एकदम डोक्यावर पाणी होतं. उतरायची जागा मे महिन्यात, तलाव आटलेला असताना पाहून ठेवा. सापांचं मला सगळेच विचारतात. दिसते ती बहुतेक पाणदिवड, बिनविषारी, ती आपली वाट काढून जाते. ओढ्याला पूर असताना आणि सांडव्याच्या जवळ जाऊ नका. वाहतं पाणी हे या वस्तूचं पाणीच नाही.

परवानगी घ्या. तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो आणि त्यातले रोहू-कटला त्यांनी बीज सोडून वाढवलेले असतात. तुम्ही शहरातून आलेले म्हणून तो मासा फुकट होत नाही. मी संस्थेच्या माणसाला आधी फोन करतो, ठरलेले पैसे देतो, मोठे रोहू-कटला सोडून देतो किंवा त्यांनाच देतो, चिलापी घरी आणतो. मामांना आता ट्यूबची हरकत नाही. जाळं कुठे लावलंय ते तेच लांबून ओरडून सांगतात. जायकवाडीवर नेण्याचा विचार असेल तर तो पक्षी अभयारण्याचा भाग आहे, तिकडे फिरकू नका.

मृग लागला की मी ट्यूब धुऊन, सावलीत वाळवून, अर्धी हवा भरून माळ्यावर छताला टांगतो. घडी घालून पोत्यात ठेवली तर घडीच्या रेषेवर पीव्हीसी चिरते, आणि खिशात राहिलेल्या पेंडीच्या वासाने उंदीर येतात ते वेगळंच.