स्वस्तात परदेश फिरायचाय, तर गाइडबुक कोणतं घ्यावं?

गाइडबुक चाळताना हात आपसूक फोटोंकडे जातो. मी मात्र आधी सीमेजवळचं एखादं आडगाव काढते आणि तिथे पोहोचायचं कसं, हे किती नेमकं सांगितलंय ते वाचते. बस कुठून सुटते, शेवटची किती वाजता, सीमा ओलांडल्यावर पलीकडे वाहन मिळतं का. एकट्याने, मोजक्या पैशांत फिरणाऱ्याचं सगळं गणित या चार-पाच ओळींवर चालतं.

या कसोटीवर लोनली प्लॅनेट वर्षानुवर्षं उजवं ठरत आलं. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने युरोपातून आशियामार्गे ऑस्ट्रेलिया गाठलं आणि १९७३ मध्ये त्या प्रवासावर पहिलं पुस्तक काढलं. स्वस्तातला प्रवास हाच त्यांचा पाया. जवळपास प्रत्येक देशावर त्यांचं काही ना काही मिळतं. पण आता घेताना आवृत्ती बघून घ्या. नव्या धाटणीच्या पुस्तकांत फोटो आणि ‘अनुभव’ वाढलेत, राहण्याच्या ठिकाणांच्या याद्या आटल्यात. कुठे जायचं हे अजून ठरत नसेल, तर ही नवी मांडणी छान आहे. रात्री दहाला अनोळखी गावात उतरून खोली शोधायची असेल, तर मला ती अपुरी वाटते.

रफ गाइड्सची सुरुवात १९८२ मध्ये ग्रीसच्या पुस्तकापासून झाली. त्यांची खरी ताकद शेवटच्या प्रकरणांत असते: इतिहास, राजकारण, संगीत, पुढे काय वाचावं. लांबच्या बसप्रवासात मी हीच पानं वाचते, आणि दुसऱ्या दिवशी चौकातला पुतळा कुणाचा हे विचारावं लागत नाही. रोजच्या सोयीची माहितीही चांगली असते. एकाच देशात महिनाभर राहणार असाल, तर माझं मत रफ गाइडला.

वाट फारशी मळलेली नसेल, तर मात्र ब्रॅड्टशिवाय पान हलत नाही. १९७४ पासून चाललेलं हे ब्रिटिश प्रकाशन. सिएरा लिओन, कोसोवो यांसारख्या देशांवर इतरांची दोन-चार पानं असतात, तिथे यांचं स्वतंत्र पुस्तक असतं. लिहिणारा बहुधा त्या भागात मुरलेला असतो, त्यामुळे शेअर टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही, असल्या गोष्टी त्याला ठाऊक असतात. रंगीत चकचकाट कमी आणि किंमत थोडी जास्त, तरी घ्यावं.

रिक स्टीव्हज हा अमेरिकी गाइडबुक-लेखक फक्त युरोपपुरता. थोडीच ठिकाणं, पण एखाद्या संग्रहालयात या दालनातून त्या दालनात बोट धरून नेतो, रांग कशी टाळायची तेही सांगतो. पहिल्यांदाच युरोपला जाणाऱ्याने डोळे झाकून घ्यावं. त्याने वगळलेली गावं मात्र पुस्तकात सापडणार नाहीत. डीके आयविटनेसची सचित्र गाइडबुकं घरी बसून बघायला सुंदर, पण जुन्या आवृत्त्यांतलं जाड गुळगुळीत कागदाचं ओझं पाठीवर नको.

प्रकाशनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न व्याप्तीचा. आग्नेय आशियाच्या एकाच पुस्तकात दहा-अकरा देश कोंबलेले असतात, त्यामुळे मध्यम गावाच्या वाट्याला जेमतेम अर्धं पान येतं. तीन महिन्यांत पाच देश करायचे असतील तर तेवढं पुरतं. तीन आठवडे एकट्या व्हिएतनामला देणार असाल, तर व्हिएतनामचंच पुस्तक हवं.

पुस्तकावरचं वर्षही जपून वाचा, कारण माहिती त्याच्या बरीच आधी गोळा केलेली असते. उत्तर लाओसमधल्या एका गावी बसमधून उतरले, तेव्हा पुस्तकातल्या नकाशावर बसस्टँड बाजाराला लागून होता. प्रत्यक्षात तो गावाबाहेर कित्येक किलोमीटरवर हलला होता आणि भोवती भातशेतं. शेवटी एका टुकटुकवाल्याला नकाशावरचा नदीचा पूल बोटाने दाखवला, तेव्हा मुक्कामी पोहोचले. स्टँड हलतात, पूल आणि देवळं सहसा जागेवर असतात. भाड्यांचंही तसंच. आकडे जुने होतात, पण कोणतं ठिकाण स्वस्त आणि कोणतं महाग, हे प्रमाण बरंचसं टिकतं.

ताज्या आकड्यांसाठी विकिव्हॉयेज ही प्रवासमाहितीची वेबसाइट जोडीला ठेवा. ते फुकट आहे, २०१३ पासून विकिपीडियाच्याच संस्थेकडे आहे, आणि पानं उतरवून घेतली की नेटशिवायही वाचता येतात. मोठ्या शहरांवर भरभरून, छोट्या गावांवर कधी दोनच ओळी, म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर निघू नये.

ई-बुक हलकं पडतं, पण फोनच्या पडद्यावर नकाशा बघताना जीव मेटाकुटीला येतो. मी कागदी पुस्तकच घेते आणि निघण्याआधी लागणारी प्रकरणं ब्लेडने कापून, स्टेपल करून नेते. पुस्तक फाडताना पहिल्या वेळी हात थरथरला होता. आता पाठीवरचा अर्धा किलो वाचतो, आणि एखादा भाग फिरून झाला की ती पानं हॉस्टेलमध्ये उलट दिशेने निघालेल्या कुणाला तरी देऊन टाकते.