गॅसच्या पाईपला बांधलेली हिरवी वायर

स्वयंपाकघराचं नूतनीकरण काढलं असेल आणि ओट्याबरोबर गॅसचा पाईपही हलवायचा असेल, तर हे आधी वाचा. पुण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत एका ठेकेदाराने आमच्याकडून दोन कामांचे पैसे घेतले, गॅस पाईपचे आणि अर्थिंगचे, आणि दोन्हीत फसवलं. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण त्याने जे करून ठेवलं त्यामुळे आमच्या डोक्यावर राहणाऱ्या सगळ्या घरांचा जीव धोक्यात आला होता, आणि माझा खरा राग त्यावर आहे. तक्रार ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

माणूस बोलायला गोड. गळ्यात गॅस कंपनीच्या चिन्हाचं ओळखपत्र. "ताई, कंपनीत अर्ज केलात तर महिना जाईल. आम्ही कंपनीचीच माणसं आहोत, परवा पाईप सरकवून देतो." त्याचे साडेसहा हजार घेतले आणि वर 'पाईप स्थलांतर शुल्क' असं छापलेली पावतीही दिली. ती पावती कंपनीने कधी काढलीच नव्हती, हे पुढे कळलं.

दुसरं काम अर्थिंगचं. गीझर चालू असताना बाथरूमच्या नळाला अधूनमधून झिणझिण्या यायच्या, म्हणून ते करायचंच होतं. तो म्हणाला, इमारतीचं अर्थिंग मेलेलं आहे, मागच्या बाजूला खड्डा घेऊन कॉपर प्लेटचं स्वतंत्र अर्थिंग आणून देतो. त्याचे सोळा हजार. काम झाल्यावर त्याने आम्हाला मागे नेऊन सिमेंटमध्ये बसवलेलं बिडाचं झाकण दाखवलं. मग घरात नव्या सॉकेटच्या फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. "बघा, एकदम कडक अर्थिंग!"

ही बल्बची चाचणी नीट समजून घ्या, कारण याच एका गोष्टीवर भले भले फसतात. शंभर वॅटच्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. समजा अर्थिंगचा रोध शंभर ओहम आहे, म्हणजे अगदीच निकामी. तरी बल्ब छान उजेड देईल. पण गीझरमध्ये फेज बाहेरच्या पत्र्याला टेकली, तर 230 व्होल्टला त्या वाटेने जेमतेम सव्वादोन अँपिअर जातील, आणि सोळा अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही. पत्रा तसाच जिवंत राहील, म्हणजे हात लावला की झटका. अर्थिंग मोजायचं वेगळं यंत्र असतं, अर्थ टेस्टर. आकडा ओहममध्ये येतो. तो आकडा कागदावर लिहून मागा. बल्बवर कुणी समाधान मानायला सांगत असेल, तर त्या माणसाला तिथेच थांबवा.

पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू ओट्यामागचा गॅसचा पाईप ओल्या फडक्याने पुसत होत्या. त्यांना असा झटका बसला की हात कोपरापर्यंत बधिर झाला. गॅस कंपनीची आपत्कालीन गाडी आली. त्यांच्या माणसाने पाईपला टेस्टर लावला आणि दिवा लागला. त्याने सगळ्यांत आधी खालचा व्हॉल्व बंद करून इमारतीचा गॅस तोडला आणि विचारलं, "अलीकडे कुणाकडे काम झालंय?"

आमच्या सिंकखालची ट्रॉली काढली. मागे पाईपवरचा पिवळा रंग दोन बोटं रुंद खरवडलेला, त्यावर रबरी नळीला लावतात ती पट्टीची क्लिप आवळलेली, आणि क्लिपखाली हिरव्या वायरची तांब्याची टोकं दाबलेली. ती वायर गीझरच्या आणि नव्या सॉकेटच्या अर्थिंगची होती. गीझरची कॉइल आतून फुटली होती आणि ती वीज आमच्या घरातून गॅसच्या पाईपमध्ये उतरून वरच्या घरांत पोचत होती. मागच्या बाजूचं ते बिडाचं झाकण उचललं. खाली नुसती माती. वीतभर वायर तेवढी वर दिसावी म्हणून खोचलेली. आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे प्लेट निदान 60 सेंटीमीटर लांबीरुंदीची लागते आणि तिची वरची कड जमिनीखाली दीड मीटर तरी असावी लागते. इथे खड्डाच खणलेला नव्हता.

"पाईप लोखंडी आहे, जमिनीत जातो, मग अर्थिंग म्हणून काय वाईट?" असं मला नंतर अनेकांनी विचारलं. मिस्त्री लोकही हेच सांगतात. पण शहरात घरोघरी येणाऱ्या गॅसची जमिनीखालची वाहिनी बहुतेक पॉलिथिलीनची, म्हणजे प्लास्टिकची असते. लोखंडी पाईप इमारतीपाशी सुरू होतो. त्यामुळे त्याला खरी जमीन लागतच नाही. ओल्या भिंती आणि क्लॅम्प यांतून थोडाफार प्रवाह झिरपतो, बल्ब पेटायला तेवढा पुरतो. बाकीची वीज पाईपवरच उभी राहते, कुणीतरी हात लावेपर्यंत. शिवाय ज्या पाईपमध्ये गॅस आहे त्यावर ठिणगी पडू शकते. म्हणूनच गॅसचा पाईप अर्थ इलेक्ट्रोड म्हणून, म्हणजे वीज जमिनीत उतरवायला, वापरू नये, असं मानकात स्पष्ट आहे. घराच्या मुख्य अर्थिंग पट्टीशी धातूचे सगळे पाईप जाड वायरने जोडून विजेच्या समान दाबावर आणणं ही वेगळी गोष्ट. ते चांगल्या अर्थिंगच्या जोडीला केलं जातं. अर्थिंगच्या ऐवजी कधीच नाही.

पाईपचं कामही तसंच. कंपनी जाड वर्गाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप भिंतीवर उघडा ठेवते, कारण गळती दिसली आणि सापडली पाहिजे. याने पाण्याच्या कामाचा पाईप आणला, भिंतीत खाच मारून पुरला, वर टाइल्स लावल्या. "ओटा कसा मोकळा दिसतोय बघा!" जोडांना सफेदा आणि धागा. कंपनीच्या माणसाने गळतीचं यंत्र टाइल्सच्या फटीला लावलं आणि ते ओरडायला लागलं. घरातल्या पाईपगॅसचा दाब अगदी कमी, 21 मिलिबार. म्हणून वास लगेच भरत नाही. पण सिलिंडर निदान संपतो, पाईप संपत नाही. पाईपमधला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, तो भिंतीतल्या पोकळीतून वर चढतो आणि माळ्यात, छताजवळ साचतो. हवेत त्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं की एक बटण दाबणं पुरतं.

तेव्हा पाईप हलवायचा तर अर्ज थेट कंपनीकडे करा, बिलावर छापलेल्या क्रमांकावरून. पैसे बिलातून किंवा कंपनीच्याच खात्यात जाऊ द्या, घरी आलेल्या माणसाच्या हातात रोख नको. ओळखपत्राचा फोटो काढून त्याच क्रमांकावर विचारा. आलेला खरा असेल तर त्याला राग येत नाही. जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर तुमच्यासमोर लावायला सांगा. विजेच्या कामाला वायरमनचा सरकारी परवाना बघा, खड्डा उघडा असताना प्लेट स्वतः बघा, आणि डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. आमच्याकडे ती असती, तर गीझर फुटला त्याच क्षणी वीज गेली असती. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही नाही. व्हॉल्व बंद, खिडक्या उघड्या, आणि फोन बाहेर जाऊन. सिलिंडर असेल तर 1906 या क्रमांकावर.

आज सिंकखाली एकदा टॉर्च मारून बघा. गॅसच्या पाईपला हिरवी वायर बांधलेली दिसली तर ती हाताने सोडवायला जाऊ नका. तिच्यात वीज असू शकते, आणि ती सुटली की गीझरचा पत्रा जिवंत होऊ शकतो. आधी डीबीतला मुख्य स्विच पाडा, मग वायरमन बोलवा, त्याच दिवशी गॅस कंपनीला कळवा आणि इमारतीतलं प्रत्येक घर तपासायला सांगा. आमच्याकडे तपासणीत दुसऱ्या मजल्यावर तशीच एक वायर सापडली. तिथलं कामही याच माणसाने केलं होतं.