जीमॅटचं पेड अ‍ॅप बरेच महिने वापरून झालं, पैसे कशाचे वसूल झाले आणि कशाचे नाही

नागपूरला मिहानमध्ये नोकरी, रोज बर्डी ते खापरी मेट्रो, त्यात क्लासला जायला वेळ कुठून आणणार, म्हणून जीमॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी एका अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन घेतलं. नाव घेत नाही, या टाइपची बहुतेक अ‍ॅप्स सारखीच असतात.

आधी राग काढतो. जीमॅटचा फोकस एडिशन पॅटर्न नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, जुना पेपर जानेवारी २०२४ नंतर बंदच झाला. सेंटेन्स करेक्शन गेलं, जॉमेट्री गेली, निबंधही गेला. आणि आमच्या अ‍ॅपच्या स्टडी प्लॅनमध्ये पहिल्याच आठवड्यात काय, तर सेंटेन्स करेक्शनचे व्हिडिओ! सपोर्टला मेल टाकला तर म्हणे, सर, बेसिक पक्कं होतं. अरे बाप्पा, जे पेपरात येतच नाही ते कायले पक्कं करू? पैसे भरायच्या आधी सिलॅबस उघडून बघा, जुना माल अजूनही विकून राहिले लोक.

आता चांगलं. क्वांटचे (गणिताचे) टायमर लावलेले छोटे सेट आणि एरर लॉग, या दोन गोष्टींसाठी मी पुन्हा पैसे देईन. क्वांटला ४५ मिनिटांत २१ प्रश्न आणि कॅल्क्युलेटर नाही (तो फक्त डेटा इनसाइट्सला, म्हणजे तक्ते-आलेखांच्या सेक्शनला मिळतो). मेट्रोत सीट मिळाली की एक सेट व्हायचाच. लॉगमध्ये प्रत्येक चुकीला कारण टाकता येतं, घाई केली, नीट वाचलं नाही, येतच नव्हतं वगैरे, आणि महिन्याभराने यादी बघितली की कळतं, "येतच नव्हतं" वाल्या चुका फार थोड्या असतात.

डेटा सफिशियन्सीमध्ये, म्हणजे उत्तर काढायला दिलेली माहिती पुरेशी आहे का ते ठरवायच्या प्रश्नांत, तर आपली इंजिनिअर मंडळी हमखास फसतात. प्रश्न आहे, एक्स किती? पहिली माहिती, एक्सचा वर्ग = ४ एक्स. दुसरी, एक्स शून्य नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना एक्सने भागतो, उत्तर ४ येतं आणि आपण पहिलीच माहिती पुरेशी म्हणून ए ठोकून मोकळे. पण एक्स शून्यही असू शकतो नं, त्यामुळे दोन्ही माहिती लागतात, म्हणजे सी. अशा प्रश्नांचा या अ‍ॅपमध्ये भरपूर साठा आहे आणि तो खरंच चांगला आहे.

व्हर्बल (इंग्रजीचा सेक्शन) मात्र यांच्याकडून करूच नका. क्रिटिकल रीझनिंगला, म्हणजे युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांना, दोन-दोन ऑप्शन बरोबर वाटतात आणि स्पष्टीकरण वाचून डोकं अजूनच फिरतं. व्हर्बलसाठी ऑफिशियल प्रश्नच वापरा. मॉकचंही तेच, एमबीए डॉट कॉम या जीमॅटच्या अधिकृत साइटवर दोन ऑफिशियल मॉक फुकट आहेत, त्यांचा स्कोअर धरा. आणि सिनिअर लोक ७००-७०० करतात तो जुना हिशोब, नवीन स्केल २०५ ते ८०५ आहे, तिथे ६४५ म्हणजे साधारण जुने ७००.

परीक्षा घरूनच दिली, तेही मे महिन्यात. खोलीत दुसरं कोणी चालत नाही, टेबल मोकळं हवं, पासपोर्ट समोर आणि कॅमेऱ्यावर अख्खी खोली दाखवायची. कूलरच्या घरघरीत डोकं चालत नाही म्हणून आधी खोली गार करून घेतली आणि लॉगिन करताना कूलर बंद केला, तिसऱ्या सेक्शनपर्यंत बनियन भिजलं होतं, पण चाललं. छोटा व्हाइटबोर्ड चालतो, १२ बाय २० इंचापेक्षा मोठा नको. मॉकपण त्याच्यावरच सोडवा, कारण वहीत लिहायची सवय असली की बोर्डावर जागा पुरत नाही आणि पुसायच्या नादात वेळ जातो. पुटपुटत वाचायची सवय असेल तर तीही सोडा, प्रश्न मोठ्याने वाचायला मनाई आहे.

घ्यायचंच असेल तर तीन महिन्यांचा प्लॅन घ्या, वर्षाचा नको. आणि ऑटो-रिन्यू पहिल्याच दिवशी बंद करा, ते बटण सेटिंगमध्ये पार खाली लपवलंय.